मोठी जोडी हातात आली की: कमी पैशांच्या ऑनलाइन पोकरमध्ये एकेक निर्णय कसा घ्यायचा

आपली पत्त्यांशी ओळख बदाम सात, मेंढीकोट, रमी अशी होत जाते आणि थोडं मोठं झाल्यावर कुणीतरी तीन पत्ती शिकवतं. तीन पत्तीत जोडी म्हणजे चांगली पानं. ती येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, आणि ७४ टक्के डावांत हातात साधी जोडीही नसते. त्यामुळे जोडी दिसली की पैसे पुढे सरकवायची सवय अंगात मुरते. टेक्सास होल्डेममध्ये हीच सवय नडते. तिथे हातातली २ आणि टेबलावरची ५ (आधी एकदम तीन म्हणजे फ्लॉप, मग चौथं म्हणजे टर्न, शेवटी पाचवं म्हणजे रिव्हर) अशा ७ पानांतून सर्वांत चांगली ५ धरायची असतात, आणि ७ पानांत सुमारे ३९ टक्के वेळा दोन जोड्या किंवा त्याहून मोठं काहीतरी जमतं. म्हणजे एकटी जोडी शेवटपर्यंत गेली तर ती मधल्या फळीतली असते.

तरीही कमी पैशांच्या टेबलावर बहुतेकांची खरी कमाई एक्के, राजे, राण्या आणि गुलाम यांच्या जोडीतूनच होते. कारण तिथे कमकुवत पानं घेऊन कॉल करणारे, म्हणजे समोरच्याइतके पैसे भरून डावात राहणारे, पुष्कळ असतात. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: सुरुवातीला मोठे पैसे लावा, आणि उशिरा समोरून रेझ आला, म्हणजे समोरच्याने रक्कम वाढवली, की त्यावर विश्वास ठेवा. बहुतेक नवे खेळाडू नेमकं उलटं करतात. आधी जोडी लपवतात आणि शेवटी हट्टाने कॉल करतात.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. त्यामुळे महाराष्ट्रात किंवा गोव्यात बसून खऱ्या पैशांचं ऑनलाइन पोकर खेळू नका. तिथल्या वाचकांनी हा लेख बिनपैशांच्या चिप्ससाठी वाचावा. मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे १८ वर्षांवरील माणसाला परवाना असलेल्या साइटवर खेळता येतं. खालची उदाहरणं सहा जणांच्या, ५ सेंट आणि १० सेंट ब्लाइंडच्या (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने भरायच्या रकमांच्या) टेबलावरची आहेत. प्रत्येकासमोर १० डॉलर, म्हणजे १०० मोठे ब्लाइंड.

पहिली पायरी: फ्लॉपच्या आधी रेझ करा, नेहमी

एक्के, राजे, राण्या, गुलाम यांपैकी कुठलीतरी जोडी सरासरी ५५ डावांत एकदा येते. सहा जणांच्या ऑनलाइन टेबलावर तासाला साधारण ७० ते ८० डाव होतात, म्हणजे एका टेबलावर तासाभरात एखादीच. इतकी वाट पाहून आलेली जोडी कुणी पळून जाऊ नये म्हणून नुसता ब्लाइंड भरून खेळावी, असं मनात येतं. तसं करू नका.

कारण साधं आहे. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध ८५ टक्के वेळा जिंकते, तिघांविरुद्ध ६४ टक्के आणि पाच जणांविरुद्ध ४९ टक्क्यांवर येते. स्वस्तात सगळ्यांना आत घेतलं की फ्लॉपवर कुणाच्या हातात काय असेल याचा अंदाजही उरत नाही. शिवाय बहुतेक साइटवर फ्लॉप पडला नाही तर रेक (साइटचा वाटा) कापला जात नाही. रेझ केल्यावर सगळे फोल्ड झाले (पानं टाकून बाहेर पडले) तरी १५ सेंट पूर्ण आपले.

कुणी आत आलेलं नसेल तर ३० सेंट. कुणी नुसता ब्लाइंड भरून बसला असेल, तर अशा प्रत्येक माणसामागे आणखी १० सेंट. ब्लाइंडमध्ये बसून रेझ करत असाल तर वर आणखी १०, कारण पुढच्या तिन्ही फेऱ्यांत तुम्हाला आधी बोलावं लागणार आहे. जोडी कुठली आहे त्यावरून रक्कम बदलू नका. एक्क्यांना ३० आणि गुलामांना ६० असं केलंत, तर शांत बसलेला एखादा खेळाडू ते लगेच टिपतो.

दुसरी पायरी: आपल्या आधी कुणी रेझ केला असेल तर

पुन्हा रेझ. समोरच्याने ३० सेंट केले आणि आपण त्याच्यानंतर बोलणार असू, तर ९० सेंट ते १ डॉलर. आपण ब्लाइंडमध्ये असू, तर १ डॉलर २० सेंट. एक्के, राजे, राण्या यांत विचार करायला फारसं काही नाही. गुलामांच्या बाबतीत समोरचा कोण आहे ते बघा. दर दुसऱ्या डावात रेझ करणारा असेल तर खुशाल वाढवा. अर्धा तास फोल्ड करत बसलेल्या माणसाने पहिल्या जागेवरून रेझ केला असेल, तर नुसता कॉल करून फ्लॉप पाहणं मला बरं वाटतं.

तिसरी पायरी: समोरून परत वाढवलं, आता काय?

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, विशेषतः राण्यांवर, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा तुमच्याकडे राण्या आहेत. तुम्ही ३० सेंट केलेत, समोरच्याने १ डॉलर, तुम्ही २ डॉलर ३० सेंट, आणि तो १० डॉलर ऑल-इन गेला, म्हणजे त्याने समोरचे सगळे पैसे लावले. तुम्हाला आणखी ७.७० घालायचे आहेत. टेबलावर त्याचे १०, तुमचे २.३० आणि ब्लाइंडचे १५ सेंट मिळून १२.४५ आहेत. कॉल केल्यावर पॉट (मधे जमलेले पैसे) २०.१५ होईल. ७.७० भागिले २०.१५ म्हणजे ३८ टक्के. तुमच्या राण्या ३८ टक्क्यांहून जास्त वेळा जिंकणार असतील, तरच कॉल परवडतो.

आता त्याच्याकडे काय असू शकतं ते मोजा. एक्क्यांची जोडी ६ प्रकारे बनते, राजांची ६ प्रकारे, एक्का-राजा १६ प्रकारे. मोठ्या जोडीविरुद्ध राण्या साधारण १८ ते १९ टक्के वेळा जिंकतात, एक्का-राजाविरुद्ध ५६ टक्के. तिन्ही एकत्र धरले तर सरासरी ४० टक्के येते. रेक वजा केला तर कॉल जेमतेम बरोबरीत सुटतो. त्याच्याकडे गुलामांची जोडीही असू शकते असं धरलं, तर आकडा ४७ टक्क्यांवर जातो आणि कॉल सोपा होतो. पण तो फक्त एक्के, राजे आणि एकाच रंगातल्या एक्का-राजावरच ऑल-इन जाणारा असेल, तर आपण २७ टक्क्यांवर येतो आणि फोल्ड स्पष्ट होतो.

म्हणजे राण्या चांगल्या की वाईट हा प्रश्न इथे नाहीच. हा माणूस एक्का-राजा घेऊन ऑल-इन जातो का, एवढंच विचारायचं. कमी पैशांच्या टेबलावर बरेच जण एक्का-राजा घेऊन फक्त कॉल करतात. इतक्या वेळा परत परत वाढवताना त्यांच्याकडे बहुधा एक्के किंवा राजे असतात. म्हणून एखाद्याला उगाच ऑल-इन जाताना मी स्वतः पाहिलेलं नसेल, तर राण्या खाली ठेवतो. गुलाम तर चौथ्या रेझपर्यंत नेतच नाही. राजांची जोडी मात्र फ्लॉपच्या आधी मी फोल्ड करत नाही आणि तुम्हीही करू नका. समोर एक्के निघाले तर निघाले.

चौथी पायरी: फ्लॉप पडायच्या आधीच एक भागाकार

फ्लॉप दिसण्याआधी दोन आकडे बघा: पॉटमध्ये किती आहे आणि मागे किती उरलं आहे. मागचे पैसे भागिले पॉट. या एका आकड्यावर पुढचं सगळं ठरतं आणि याकडेच कुणी बघत नाही.

एकदाच रेझ झालेल्या पॉटमध्ये, समजा मोठ्या ब्लाइंडने कॉल केला, तर पॉट ६५ सेंट आणि मागे ९.७०. भागाकार जवळजवळ १५. इतके पैसे एका जोडीवर आत घालण्याची तयारी ठेवायची नाही. एवढा मोठा पॉट खुशीने भरणाऱ्याकडे सहसा जोडीपेक्षा मोठं काही असतं. दोनदा रेझ झालेल्या पॉटमध्ये पॉट २.१५ आणि मागे ९ डॉलर, भागाकार ४ च्या थोडा वर. इथे तुमची जोडी टेबलावरच्या सगळ्या पानांपेक्षा मोठी असेल, तर पूर्ण पैसे आत जाऊ द्या. गुलाम, अठ्ठी, चव्वी असा फ्लॉप आणि हातात राजे असतील तर गणित असं: फ्लॉपला १.१०, कॉल आला की पॉट ४.३५. टर्नला २.६०, पॉट ९.५५. मागे उरतात ५.३०, ते रिव्हरला. प्रत्येक वेळी साधारण अर्ध्या पॉटच्या आसपास आणि तीन फेऱ्यांत सगळं आत. गुलामाची जोडी धरून बसलेला माणूस यातला प्रत्येक हप्ता भरतो.

पाचवी पायरी: फ्लॉप वाचणं

फ्लॉपवर आपल्या जोडीचं तिसरं पान पडण्याची शक्यता १२ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ डावांत एकदा. त्याच्या आशेवर खेळायचं नसतं. त्याहून मोठा प्रश्न हा की आपल्या जोडीपेक्षा मोठं पान पडलं का. राजांवर एक्का पडायची शक्यता २३ टक्के, राण्यांवर एक्का किंवा राजा ४१ टक्के, आणि गुलामांवर मोठं पान ५७ टक्के. म्हणजे गुलामांच्या जोडीला अर्ध्याहून जास्त वेळा अडचणीचा फ्लॉप मिळणार. हे आधीच माहीत असलं की तो पडल्यावर जीव खाली-वर होत नाही.

मोठं पान पडलेलं नसेल तर बेट करा (पैसे लावा), आणि कंजूषपणा करू नका. पानं विखुरलेली आणि तीन रंगांची असतील (सत्ती-दुर्रीसारखी), तर पॉटच्या अर्ध्यापासून दोन-तृतीयांशपर्यंत. दोन पानं एका रंगाची किंवा नव्वी-अठ्ठीसारखी एकमेकांना लागून असतील, तर तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त. प्रत्येक बेटच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझ्यापेक्षा कमी असलेलं कुठलं पान घेऊन हा कॉल करेल? पटकन तीन उत्तरं सुचली तर बेट. एकही सुचलं नाही तर चेक, म्हणजे पैसे न लावता पुढच्याला बोलू द्यायचं.

एक्का पडला आणि हातात राण्या असतील तर हा प्रश्न फार उपयोगी पडतो. कमी पैशांच्या टेबलावर लोक एक्का आणि सोबत कुठलंही पान घेऊन येतात. अशा फ्लॉपवर तुमच्या राण्या ही मधली जोडी झाली, हे मान्य करा. समोर एकच माणूस असेल तर पॉटचा तिसरा हिस्सा एकदा लावा किंवा चेक करा, आणि कॉल आला की पुढे स्वस्तात पानं उघडायचा प्रयत्न करा. समोर तिघे असतील तर चेक, आणि कुणी मोठा बेट केला तर फोल्ड.

सहावी पायरी: टर्न

टर्नला कुचकामी पान पडलं तर थांबू नका. पुष्कळ लोक फ्लॉपला बेट करून टर्नला घाबरून चेक करतात आणि रंग किंवा क्रम जुळवणाऱ्याला फुकट पान देतात. समजा पॉट २ डॉलर आहे आणि समोरच्याला एकाच रंगाचं पाचवं पान हवं आहे. न दिसलेल्या ४६ पानांत त्याच्या कामाची ९, म्हणजे साधारण २० टक्के. तुम्ही १.४० लावले तर त्याला १.४० भरून ४.८० च्या पॉटसाठी खेळायचं आहे, म्हणजे २९ टक्के हवेत. त्याच्याकडे २० आहेत, तो नुकसानीत कॉल करतो. तुम्ही भीत भीत ४० सेंट लावलेत तर त्याला फक्त १४ टक्के लागतात आणि तुम्हीच त्याचा कॉल बरोबर ठरवता. तोच माणूस, तीच पानं, फरक फक्त तुमच्या रकमेचा.

टर्नला तिसरं बदाम पडलं किंवा चार पानं लागोपाठ झाली, तर हात आखडता घ्या. चेक करणं म्हणजे हार मानणं नव्हे. पॉट लहान ठेवणं हाही निर्णयच आहे.

सातवी पायरी: उशिरा आलेला रेझ

हा भाग मी स्वतः पैसे घालवून शिकलो, म्हणून तो डाव पूर्ण सांगतो.

माझ्याकडे इस्पिक आणि बदाम राणी. एकाने १० सेंट भरून नुसता प्रवेश घेतला होता. मी ४० केले, ब्लाइंड फोल्ड झाले, त्याने कॉल केला. पॉट ९५ सेंट, मागे प्रत्येकी ९.६०, भागाकार १०. फ्लॉप बदाम नव्वी, चौकट सत्ती, किलवर दुर्री. त्याने चेक केलं, मी ६५ सेंट लावले, कॉल. पॉट २.२५. टर्नला इस्पिक तिर्री. चेक, मी १.५०, आणि त्याने क्षणभरही न थांबता ४.५० केले.

मी मनात म्हटलं, तिर्रीने त्याचं काय भलं होणार? हा मला हाकलायला बघतोय. आणि ऑल-इन गेलो. त्याने दुर्रीची जोडी उघडली. तीन दुर्र्या त्याच्याकडे फ्लॉपपासून होत्या. रिव्हरला काही आलं नाही आणि दहा डॉलर गेले.

त्या रात्री पत्त्यांचा जोड काढून टेबलावर नव्वी, सत्ती, दुर्री, तिर्री मांडली आणि शेजारी राण्या ठेवल्या. मग त्याच्या जागी बसून पानं शोधली. तीन नव्व्या, तीन सत्त्या, तीन दुर्र्या, तीन तिर्र्या: प्रत्येकी ३ प्रकारे, मिळून १२. यांच्याविरुद्ध माझ्याकडे फक्त दोन राण्या शिल्लक, म्हणजे ४४ पानांत २. नव्वी-सत्ती धरून दोन जोड्या झालेल्या असत्या तर मला जिंकवणारी पानं ८. चारही पानं चार रंगांची, म्हणजे रंग जुळवणारा कुणी नाही. दश्शी-अठ्ठी किंवा अठ्ठी-छक्की घेऊन क्रम शोधणारा असू शकतो, पण ज्या माणसाने डावाच्या सुरुवातीला साधा रेझही केला नव्हता तो अर्धवट पानांवर तिप्पट वाढवत नाही, कॉल करतो. मला मात्र शेवटपर्यंत जायला एकूण ७.४५ घालायचे होते आणि त्यासाठी ३७ टक्के हवे होते. टेबलावर मांडून पाहिल्यावर त्याच्या जवळपासही मी जात नव्हतो.

त्याच्या बाजूनेही हिशोब केला, आणि तोच मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. फ्लॉपच्या आधी त्याने ३० सेंटचा कॉल केला. दुर्रीच्या जोडीला तिसरी दुर्री एकदा मिळते, तोवर साडेसात वेळा हुकते, म्हणजे सव्वादोन डॉलर जातात. मी टर्नला फोल्ड केलं असतं तर त्याला त्या एका वेळी माझे २.१५ आणि आधीचे ६५ सेंट मिळाले असते. जेमतेम सुटला असता. मी उरलेले पैसेही दिले, म्हणून त्याचा कॉल फायद्याचा ठरला. लहान जोड्या घेऊन येणारे माझ्या हट्टावर जगत होते.

तेव्हापासून नियम असा: बहुतेक वेळा कॉल करणाऱ्या, शांत माणसाने टर्नला किंवा रिव्हरला रेझ केला आणि माझ्याकडे एकच जोडी असेल, तर फोल्ड. ती एक्क्यांची असली तरी. यात कधीकधी फसवले जाल, पण या पैशांवर फसवणारे कमी आणि खरी पानं घेऊन वाढवणारे खूप जास्त असतात. याला दोन अपवाद. भागाकार ४ च्या आसपास असेल तर पैसे आत जाऊ द्या. आणि समोरचा दर डावाला उगाच उड्या मारणारा असेल, तर त्याला रेझ करू द्या आणि कॉल करा. अशा माणसाच्या नावापुढे साइटवर टीप लिहून ठेवता येते, रंगाची खूणही करता येते. ‘टर्नला रेझ, तीन दुर्र्या’ एवढे चार शब्द पुढच्या महिन्यात कामी येतात.

रिव्हर

रिव्हरला फारसं नवीन नाही. समोरच्याने दोनदा कॉल केला आहे, काही धोक्याचं पडलं नाही, तर तिसऱ्यांदा अर्ध्या ते दोन-तृतीयांश पॉटचा बेट करा. नव्वीची जोडी धरलेला माणूस राण्यांना तिसऱ्यांदाही पैसे देतो. चेक करून ते सोडून देणं ही या टेबलावरची सगळ्यात मोठी गळती आहे. आणि दोन फेऱ्या चेक-कॉल करणारा अचानक पुढाकार घेऊन पूर्ण पॉट लावू लागला, तर त्याला हवं होतं ते पान आलेलं आहे.

पैसे आणि डोकं

एक्के राजांविरुद्ध ऑल-इन गेले तरी पाचांत जवळजवळ एकदा हरतात. म्हणून या टेबलासाठी किमान ३० वेळा बसता येईल इतके, म्हणजे ३०० डॉलर, बाजूला असले पाहिजेत, आणि ते घरखर्चाचे नकोत. मी एका बैठकीत तीन वेळा पूर्ण पैसे गेले की उठतो, पुढचा डाव कितीही खुणावत असला तरी. ज्याला उठणं जमत नाही असं स्वतःच्या लक्षात आलं असेल, त्याने साइटवरची ठेवीची मर्यादा आजच लावावी. इंग्लंडमध्ये गॅमस्टॉपवर नाव नोंदवलं की परवाना असलेल्या सगळ्या साइट एकदम बंद करता येतात.

खेळ संपल्यावर

मोठ्या जोडीचे त्या दिवसाचे सगळे डाव काढा, जिंकलेलेही. प्रत्येक डावासमोर तीन गोष्टी लिहा: फ्लॉपला भागाकार किती होता, प्रत्येक बेटला कुठली कमी पानं कॉल करत होती, आणि समोरून पहिला रेझ कुठल्या फेरीत आला. माझ्या वहीत गेल्या आठवड्यात राजांचा एक डाव आहे. फ्लॉप दश्शी, छक्की, चव्वी, टर्नला अठ्ठी, आणि टर्नलाच समोरून तिप्पट रेझ. भागाकार ११. शेवटच्या रकान्यात ‘फोल्ड’ लिहिलंय, आणि त्याच्याकडे काय होतं ती जागा कोरी आहे.